उचल, कर्ज आणि ख्रिस्ती संसार

वाचनासाठी उतारे: २ राजे ४:१-७; उत्पत्ति ४१:३३-३६; लूक १४:२८-३०; याकोब ५:४.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना इत्यादी जिल्ह्यांच्या कोरडवाहू गावांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीस निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, व कोयत्यामागे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल, हे आपणांस सांगावयास नको. ज्या मंडळ्यांतील घरे अशा रीतीने सहा महिने बंद असतात, त्यांस संसाराच्या जमाखर्चाचा विषय कोरडा वाटणार नाही. म्हणून या आठवड्याचा पाठ आम्ही त्यावर घेतला आहे.

१. कर्जाचे खरे रूप. अलीशा संदेष्ट्याकडे आलेल्या विधवेची गोष्ट पाहा. तिचा पती देवभीरू होता, तरी तो कर्ज मागे ठेवून मेला, आणि सावकार तिचे दोन मुलगे दास करून नेण्यास आला. यावरून दिसते की, भक्तिमान घरातही कर्ज शिरते व ते केवळ पैसा नेऊन थांबत नाही, तर लेकरांवर हात टाकते. आपल्या प्रांतातही हे घडले आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा दंगा सुरू झाला व तो नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता कायदा करावा लागला. कागद जळाले, पण कर्ज काढण्याची कारणे मात्र जळाली नाहीत.

उचल ही देखील मिळकत नव्हे. ती अजून न केलेल्या श्रमाची आधीच घेतलेली किंमत आहे. जो उचलीस आपले धन समजून खर्च करतो, तो पुढल्या वर्षीचे आपले हातपाय आजच विकतो.

२. बसून हिशेब करणे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने लूकच्या उताऱ्यात शिकविले. आपणही बसून पाहू. धरा की, एका कोयत्याने ८०,००० रुपये उचल घेतली. त्यांपैकी ५०,००० लग्नात गेले, १५,००० वाण्याची मागील बाकी देण्यात गेले, व १५,००० पावसाळ्यात घरी खर्च झाले. हंगामात पोटासाठी मुकादमाने दरमहा ४,००० प्रमाणे सहा महिने खर्ची दिली. तिचे २४,००० झाले. एकूण १,०४,००० रुपये नावे पडले. मजुरी झाली ९०,०००. म्हणजे सहा महिने पहाटेपासून राबूनही १४,००० अंगावर राहिले, आणि पुढील वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग झाले.

आता धरा की, त्याच घराने लग्न साधे केले, २०,००० रुपयांत उरकले, व उचल ५०,००० च घेतली. खर्ची धरून नावे ७४,००० होतात. मजुरी तीच ९०,०००. हंगामाअखेर १६,००० हातात येतात, व दरमहा ४,००० प्रमाणे त्यांत पावसाळ्याचे चार महिने निघतात. पुढल्या वर्षीची उचल तेवढ्याने कमी होते. श्रम तेच, मजुरी तीच. फरक फक्त एका मांडवाचा. लग्नाच्या दिवशी पाहुण्यांनी वाहवा केली म्हणून त्यांपैकी कोणी आपल्याबरोबर फडात कोयता धरावयास येत नाही.

३. सुगीत दुष्काळाची आठवण. योसेफाने फारोस सल्ला दिला की, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवून ठेवावा. ज्याची मिळकत वर्षभर सारखी येत नाही, त्यास याहून उत्तम नियम आम्हांस ठाऊक नाही. गाडी गावी परतली की पैसा एकदम हाती येतो आणि त्याच आठवड्यात फेरीवाले, हप्त्याने मोबाईल देणारे व जुने मित्र दारात येतात. म्हणून घरी पोहोचण्यापूर्वीच नवरा-बायकोने मिळून रकमेचे भाग ठरवावेत: देवाचा भाग, देणेकऱ्याचा भाग, पावसाळ्याचे धान्य, मुलांची शाळा, आणि आजारपणासाठी राखीव. ज्यास लिहिता येत नाही त्याने निरनिराळ्या डब्यांत पैसे ठेवावेत, किंवा शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वहीत जमा व खर्च लिहवून घ्यावा. बायको बरोबरीने ऊस तोडते व मोळ्या वाहते. तिला न विचारता पैसा खर्च करणे हा अन्याय होय.

लहान खर्चही पाहावेत. गुटखा व तंबाखू यांवर रोज २० रुपये गेले, तर वर्षाचे ७,३०० होतात. इतक्यात मुलांच्या वह्यापुस्तकांची पुष्कळ सोय होईल. दारूविषयी तर सांगावयासच नको. नाताळाचे नवे कपडेही उधारीवर घेऊ नयेत. जो गव्हाणीत जन्मला, त्याचा सण धुतलेल्या जुन्या वस्त्रांनी साजरा केल्यास त्याचा अपमान होत नाही.

४. दानाविषयी. पौलाने करिंथच्या मंडळीस सांगितले की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूस काढून ठेवावे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. दान आधी बाजूस काढावे, उरलेसुरले देऊ नये; आणि ते मिळकतीच्या मानाने असावे, कर्ज काढून मोठेपणासाठी नसावे. खोपीवर राहणाऱ्या बहिणीने स्वयंपाकापूर्वी एक मूठ धान्य देवासाठी निराळे ठेवले, तर ते दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेच्या प्रभूस दिसते.

५. मजुरीचा न्याय. दोष सर्वस्वी गरिबांच्या खर्चाचाच आहे, असे म्हणणारा मनुष्य सत्य बोलत नाही. ज्यांनी शेते कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते व ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब लिहितो. म्हणून वजनाची पावती मागून घ्यावी, उचल व खर्ची प्रत्येक वेळी स्वतःच्या वहीत तारखेसह लिहावी, आणि हंगामाअखेर मुकादमाच्या वहीशी ताडून पाहावी. तसेच हेही माहीत असावे की, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याने आगाऊ रकमेसाठी कोणास जबरदस्तीने राबविणे किंवा डांबून ठेवणे हा गुन्हा आहे. घरचा हिशेब चोख असेल, तरच दुसऱ्याकडे हिशेब मागण्याचे धैर्य येते.

६. एकमेकांचे ओझे. विधवेस तेल मिळाले ते शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या भांड्यांत. देवाने चमत्कार केला, पण भांडी शेजाऱ्यांनी दिली. आपल्या गावी बचत गट आहे काय? नाबार्डने १९९२ साली असे गट बँकांस जोडण्याचे काम सुरू केले व आज ते गावोगावी आहेत. दरमहा शेकडा ५ व्याजाने सावकाराचे १०,००० घेतल्यास वर्षास ६,००० व्याज जाते. गटात दर शेकडा २ असल्यास २,४०० जाते, व तेही गटातच राहते. मंडळीने आणखी एक गोष्ट करावी: लग्नाच्या खर्चाची मर्यादा सर्वांनी मिळून ठरवावी. एकट्याने साधे लग्न केले तर लोक त्यास कंजूष म्हणतात. सर्वांनी केले तर ती रीत होते.

संदेष्ट्याने विधवेस शेवटी काय सांगितले? तेल विकावे, आधी कर्ज फेडावे, व उरलेल्यावर आपला व मुलांचा निर्वाह करावा. हाच क्रम आपल्या घरास लागू करावा.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न: (१) आपल्या अंगावर आज एकूण किती देणे आहे, व ते पतिपत्नी दोघांस माहीत आहे काय? (२) मागील उचलीतील किती रक्कम पोटासाठी व किती लोकलज्जेसाठी गेली? (३) येत्या हंगामात कोणता एक खर्च आपण टाळू शकतो? (४) आपल्या मंडळीत कोणत्या घरास आज भांडी हवी आहेत?

पुढील रविवारी घरोघरी या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून आणावी, आणि लिहिण्यापूर्वी सर्वांनी एकत्र प्रार्थना करावी.