अर्धी कवळी : धातूची की प्लॅस्टिकची?

तोंडातील सर्व दात गेले म्हणजे पूर्ण कवळी बसवितात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु दोन-चार दाढा गेल्या आणि बाकीचे दात शाबूत असले, तर काढता-घालता येणारी अर्धी कवळी बसवितात. ती कशाची हवी असे दंतवैद्याने विचारले, की 'स्वस्तातली द्या' एवढे सांगून पुष्कळजण मोकळे होतात. आम्ही दंतवैद्य नव्हे, बँकेतले कारकून. तरी जमविलेली माहिती सभासद बंधुभगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

धातू म्हणजे येथे कोबाल्ट व क्रोमियम यांचा मिश्रधातू. त्यात सुमारे ६० टक्के कोबाल्ट, २५ ते ३० टक्के क्रोमियम व थोडे मॉलिब्डेनम असते. १९२९ च्या सुमारास तो दंतवैद्यकात आला. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर पृष्ठभागावर बसतो म्हणून तो लाळेत गंजत नाही. आपल्या स्टीलच्या पेल्याचे रहस्यही हेच. प्लॅस्टिक म्हणजे बहुधा ॲक्रिलिक. ते १९३७ पासून कवळीसाठी वापरात आहे. त्यापूर्वी गंधक घालून कडक केलेले रबर वापरीत.

दोहोंतील खरा फरक ताठरपणाचा आहे. धातू ॲक्रिलिकपेक्षा पन्नास पटींहून अधिक ताठर असतो. म्हणून धातूची पट्टी अर्ध्या मिलिमीटरएवढी पातळ चालते; ॲक्रिलिकची सुमारे दोन मिलिमीटर जाड करावी लागते व तरीही हातातून पडली की तडकते. धातूतून उष्णता जाते, त्यामुळे चहाचा गरमपणा टाळूला कळतो.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चावण्याचा भार कोठे जातो ही होय. धातूच्या कवळीला शेजारच्या दातावर टेकणारे छोटे टेके असतात. त्यांसाठी दातावर किंचित खाच करतात, आणि भार त्या दातामार्फत जबड्याच्या हाडावर जातो. साध्या ॲक्रिलिकच्या कवळीला बहुधा असे टेके नसतात. ती नुसती हिरडीवर बसते. दात गेलेल्या जागेचे हाड हळूहळू झिजते, कवळी खाली दबते आणि तिची कड उरलेल्या दातांची हिरडी तासू लागते. तेथे अन्न अडकते, कीड लागते, दात हलू लागतो. म्हणजे दोन दातांसाठी बसविलेली कवळी तिसरा दात घेऊन जाते! स्वस्त कवळीची ही किंमत पावतीवर लिहिलेली नसते.

मग सर्वांनी धातूचीच घ्यावी काय? तसेही नाही. उरलेले दात डळमळीत असतील, तर लवकरच आणखी एखादा पडणार. ॲक्रिलिकच्या कवळीत नवा दात सहज जोडता येतो, धातूच्या कवळीत ते अवघड जाते. दात नुकतेच काढले असतील तर हिरडी काही महिने आकसत राहते. तोवर ॲक्रिलिकच बरे. मुदत ठेव ठेवण्यापूर्वी मुदत पुरी होईपर्यंत पैसे लागणार नाहीत ना, हे पाहतात. येथेही तसेच पाहावे.

अलीकडे नायलॉनची लवचीक कवळी पुष्कळांना आवडते. तिला दिसणारी तार नसते व ती सहसा मोडत नाही. मात्र ती चावताना वाकते आणि दुरुस्त करणे कठीण असते. अनेक दाढा गेल्या असतील तर आमच्या मते तिच्या वाटेस जाऊ नये. 'पीक' नावाचे नवे पॉलिमर धातूची ॲलर्जी असणाऱ्यांस उपयोगी आहे, पण तेही धातूइतके ताठर नाही. काही मिश्रधातूंत निकेल असते. खोट्या दागिन्यांनी अंगाला खाज सुटत असेल तर ते दंतवैद्यास आधीच सांगावे.

कवळी कोणतीही असो, रात्री काढून ठेवावी. ॲक्रिलिकची पाण्यात ठेवावी, पण उकळत्या पाण्यात नव्हे, ती वाकडी होते. धातूच्या कवळीला कपड्यांचे ब्लीच लावू नये. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे.

रस्त्याकडेला बसून शेजारच्या दातांना तारेने व ॲक्रिलिकने कायमचा दात चिकटवून देणारे आजही आढळतात. तो दात काढून स्वच्छ करता येत नाही व आत सडत राहते. कायद्यानुसार नोंदणी झालेल्या दंतवैद्याकडेच जावे. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त पडतात, म्हणून सवड काढून जावे.