ऊन, ढग आणि साठवण
अभ्यासपाठ. वाचन : उत्पत्ती ४१:४६-५७, मत्तय ५:४५



फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाल्यापासून आपल्या छत्रपती संभाजीनगरात घराघरांवर सोलर पॅनल दिसू लागले आहेत. “मे महिन्यात ऊन कडक, मग वीजही सर्वांत जास्त ना?” असे मला पुष्कळ जण विचारतात.

पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. त्यावर लिहिलेली क्षमता पॅनल २५ अंशांवर असताना मोजलेली असते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की तापलेले पॅनल ६० अंशांवर जाते, आणि दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे ऐन दुपारी शंभरातले दहा ते चौदा गेले. धूळ बसली की आणखी घट. म्हणून पॅनल सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवावे.

तरीही दिवस मोठा आणि आकाश निरभ्र, म्हणून उन्हाळ्यात एकूण वीज भरपूर मिळते. खरी परीक्षा पावसाळ्यात. दाट ढगांच्या दिवशी उत्पादन चौथाईवर किंवा त्याहून खाली येते.

शहरात नेट मीटरमुळे जादा युनिट बिलात जमा होतात आणि ढगाळ दिवशी वीज तारेवरून येते. पण कन्नड-सोयगावच्या डोंगरभागातील ज्या भिल्ल किंवा ठाकर कुटुंबाचे घर तारेपासून दूर आहे, त्याला बॅटरीचाच आधार. ४० वॅटचे पॅनल उन्हाच्या दिवशी साधारण १६० वॅट-तास देते. ढगाळ दिवशी जेमतेम ४०. तेवढ्यात ५ वॅटचा एकच दिवा पाच तास चालतो आणि एक मोबाइल चार्ज होतो. तीन दिवे लावले तर बॅटरी रोज तळाला जाते, लवकर निकामी होते, आणि लेकरे पुन्हा चिमणीपुढे अभ्यासाला बसतात.

योसेफाने सुकाळाच्या वर्षांत धान्य भरले ते दुष्काळाकडे पाहून. देव सूर्य सर्वांवर सारखाच उगवतो. साठवण मात्र त्याने आपल्यावर सोपवली आहे. म्हणून पाड्यावर दिवा देताना हिशेब मे महिन्याचा नको, ऑगस्टचा धरावा : पॅनल थोडे मोठे, दोन-तीन दिवस पुरेल अशी बॅटरी, आणि निगा राखायला शिकवलेला एक तरुण.

चर्चेसाठी :
१. आपल्या दानात पुढच्या देखभालीचा वाटा असतो का?
२. आपल्या सुकाळातून कोणाच्या पावसाळ्यासाठी आपण साठवतो?