बंदूक रिकामी आहे, कशावरून?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते. ते हातून निसटले, गोळी सुटली आणि डाव्या पायात गुडघ्याखाली घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली.

आपल्या लोणी काळभोरकडेही परवानाधारक आहेत, म्हणून हा विषय. "रिकामीच आहे हो!" हे वाक्य ऐकले की मला धास्ती वाटते. शस्त्र भरलेलेच आहे असे समजून हाती घ्यावे. नळी माणसांपासून दूर, बोट चापापासून बाजूला. फसगत होते ती पिस्तुलात. मॅगझिन काढले तरी एक गोळी चेंबरमध्ये राहू शकते. म्हणून आधी मॅगझिन काढावे, मगच स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहावे. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली नवी गोळी आत चढते! रिव्हॉल्व्हरच्या चक्रातली सगळी घरे, दुनळीच्या दोन्ही नळ्या उघडून पाहाव्यात. चाप ओढून खात्री कधीही करू नये. ज्याला हे येत नाही, त्याने हातच लावू नये.

गोळी लागलीच, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. गोळी उकरू नका, जखमेत हळद भरू नका, पाणीही पाजू नका. पोलिसांना रुग्णालय कळवतेच. त्या भीतीने घरी वेळ घालवू नका.