चामड्याचा पडदा

मुक्काम परभणी,
वैशाख वद्य पंचमी

चिरंजीव भाच्यास,

तुझे पत्र पोहोचले. तुझ्या आजोबांचा बी-२७५ ट्रॅक्टर, जो तीन पावसाळे गोठ्यालगतच्या पडवीत निपचित उभा होता, तो तू लायनर, पिस्टन, रिंगा नव्या घालून बांधून घेतलास आणि हीटर लावताच तो पहिल्या प्रयत्नात सुरू झाला, हे वाचून मला जो आनंद झाला तो शब्दांत मावणारा नाही. परंतु स्लोवर ठेवताच इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि मध्येच बंद पडतो, आणि या तक्रारीवर मेस्त्रीने स्लोचा स्क्रू दोन आटे आवळून निरोप घेतला, हे वाचून खेदही झाला. तो स्क्रू आहे तेथेच राहू दे, त्याला यापुढे हात लावू नकोस. जो दोष अन्यत्र आहे त्याचे निवारण त्या स्क्रूने होत नाही. दोष केवळ काही दिवस दृष्टीआड होतो.

हा ट्रॅक्टर सामान्य नव्हे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी, महिंद्र आणि व्होल्टास यांनी १९६३ साली भागीदारीची कंपनी काढली आणि १९६५ पासून हे यंत्र मुंबईस तयार होऊ लागले. १९७२च्या दुष्काळातून सावरताच तुझ्या आजोबांनी बैलजोड्या विकून तो घेतला, तेव्हा गोदाकाठच्या काळ्या जमिनीत त्याची पहिली नांगरट पाहण्यास अवघा गाव बांधावर लोटला होता. त्यांनी त्याचा आवाज जसा ओळखला तसा तुलाही ओळखता आला पाहिजे, एवढ्यासाठीच हे पत्र सविस्तर लिहितो.

प्रथम, चढउतार कोणत्या जातीचा आहे ते ऐक. जर आवाज श्वासासारखा ठरावीक तालाने वर जात आणि खाली येत असेल, तर तो इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा दोष समजावा. आणि जर ताल मुळीच नसून मध्येच एखादा ठोका चुकत असेल, तर दोष एखाद्या सिलिंडरचा किंवा डिझेलमध्ये शिरलेल्या हवेचा असतो. तुझ्या वर्णनावरून मला पहिला संशय येतो, आणि त्याचे कारण तुझ्या डिझेल पंपाची रचना.

या पंपाचा गव्हर्नर वजनांचा नाही, वाऱ्याचा आहे. इंजिन हवा ओढते त्या वाटेवर अॅक्सिलरेटरला जोडलेली एक चकती असते; ती मिटत आली की तिच्यापलीकडे निर्वात उत्पन्न होतो, तो एका बारीक नळीने पंपाच्या मागील कोठडीत पोहोचतो आणि तेथे ताणलेला चामड्याचा पडदा आपल्याकडे ओढून डिझेलची दांडी कमीकडे सरकवतो; उलट बाजूस एक स्प्रिंग तीच दांडी सतत जास्तीकडे ढकलीत असते. स्लोवर टिकणे म्हणजे या दोन ओढींचा समतोल. आता पाहा: तीन उन्हाळे, ४२-४३ अंशांच्या तापात, तो पडदा तेलाचा थेंब न मिळता पंपात सुकत राहिला; इंजिनाच्या लोखंडावर तू खर्च केलास, परंतु या तळहाताएवढ्या चामड्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेव. नळीचे हवेच्या वाटेकडील टोक सोडव, पंप बंद करण्याचा खटका ओढून धर, सोडवलेल्या टोकावर अंगठा घट्ट दाब आणि मग खटका सोड. दांडी जागीच राहिली किंवा अगदी सावकाश परतली, तर पडदा आणि नळी दोन्ही निर्दोष; झटकन परतली, तर वारा कोठून तरी शिरतो आहे. तेव्हा नळी काढून तीच परीक्षा थेट पंपाच्या तोंडावर कर, म्हणजे दोष नळीचा की पडद्याचा याचा निवाडा होईल. बहुधा नळीच्या टोकांचे रबर तडकलेले असते. पडदा केवळ कोरडा असेल तर स्वच्छ पातळ तेलाच्या चार थेंबांनी तो मऊ होतो; चिरला असेल तर नवा घालण्यावाचून गत्यंतर नाही. इंजिन बांधताना मॅनिफोल्डची पॅकिंग नीट बसली नसेल, तर तेथूनही वारा शिरतो, तीही पाहा.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. माझ्या तरुणपणी मीही असाच एक ट्रॅक्टर स्क्रू आवळून कामास लावला होता. पुढे भर पाळीत पडदा फाटला, दांडी जास्तीकडे गेली आणि इंजिन असे भडकले की माझे हातपाय गारठले. बंद करण्याचा खटका ओढून ते थांबले म्हणून निभावले. तसा प्रसंग आलाच तर आधी खटका ओढ. तेवढ्याने न थांबल्यास हवेच्या तोंडावर सपाट फळी दाब, हात कदापि नको.

गव्हर्नर निर्दोष ठरला, तरच पुढे जा. फिल्टरचा, मग पंपाचा स्क्रू ढिला करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत हवा काढ. नंतर स्लोवर एकेका नोजलचा नट किंचित ढिला कर. ज्याच्या ढिलाईने आवाज मुळीच बदलत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही, असे समज. डिझेलच्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नकोस, तो कातडी भेदून आत जातो. टॅपेटची फट पुस्तकातील मापाने, फीलर लावूनच पाहा.

माझे वडील निजामाच्या अमदानीत तहसील कचेरीत कारकून होते. सर्वांच्या कैफियती दप्तरी दाखल झाल्यावाचून फैसला लिहू नये, असा त्यांचा परिपाठ होता. स्लोचा स्क्रू हा तो फैसला. तो फिरवायचा सर्वांत शेवटी, आणि तोही इंजिन अर्धा तास काम करून पुरते तापल्यावर. कारण नव्या रिंगांचे इंजिन आरंभी घट्ट असते आणि रिंगा बसत गेल्या की स्लो आपोआप थोडा वाढतो. काही लोक नवे बांधलेले इंजिन रात्रभर स्लोवर चालू ठेवतात, तसे मुळीच करू नकोस. त्याने लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि रिंगा कधीच बसत नाहीत. मृगापूर्वी हलकी वखरपाळी त्याच्याकडून घे, आणि दर काही तासांनी तेलाची पातळी पाहत जा.

पंपाचे सील मात्र तोडू नकोस. मी शनिवारी सकाळच्या परळी गाडीने गंगाखेडला उतरेन. पडद्याचे चामडे आणि नळीचे रबर येथून आणतो. तू पाने आणि पातळ तेल तयार ठेव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा