पडीत वावर, काटेरी झुडुपे व जुना ट्रॅक्टर

जठारपेठ ही आज अकोला शहरातील वस्ती आहे. परंतु शहराची घरे मागे टाकून आसपासच्या खेड्यांकडे निघाले असता काळ्या जमिनीत मधूनमधून पडीत वावर दृष्टीस पडते. काही वर्षे वखर फिरला नाही म्हणजे धुऱ्यावरील बोरी, बाभळी व घाणेरी आत सरकतात, आणि जमिनीखाली कुंदा व हरळी आपले जाळे पसरतात. असे वावर मोकळे करण्यासाठी पुष्कळ जण जुना ट्रॅक्टर लावतात. त्यांनी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या: वावर कशाने साफ होते, आणि ह्या कामात मनुष्याचा प्राण कशाने जातो.

पहिली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराने मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन हिंदुस्थान सरकारने कांस गवताने व्यापलेली जमीन मोडावयास आरंभ केला. १९४९ साली ह्याच कामाच्या यंत्रांसाठी जागतिक बँकेने एक कोटी डॉलर कर्ज दिले. वऱ्हाड त्या वेळी ज्या प्रांतात होता, त्याच प्रांताच्या उत्तर भागात सागर व होशंगाबादकडे हे गवत फार माजले होते. बैलांचा नांगर वरवर चाले, म्हणून खोल गेलेली मुळे जिवंत राहत व पावसाबरोबर पुन्हा फुटत. ट्रॅक्टरने उन्हाळ्यात खोल नांगरट करून ती मुळे वर काढली आणि उन्हाने ती वाळवली. ह्यावरून दिसते की, यंत्राचे बळ मुळापर्यंत पोहोचले तरच उपयोगी पडते. झुडूप वरून तोडले किंवा जाळले तर वावर काही दिवस स्वच्छ दिसते, इतकेच. वेड्या बाभळीचा बुंधा जमिनीखाली वीतभर खणून काढावा. चैत्र-वैशाखात नांगरून कुंद्याच्या व हरळीच्या काशा वेचाव्या, आणि पुढेही वखर चालू ठेवावा. काटे आधी गोळा करावे, नाहीतर टायर फुटतात.

दुसरी गोष्ट प्राणाची आहे. बुंधा उपटण्यासाठी साखळी बांधतात. ती मागील आसाच्या वर, म्हणजे बैठकीजवळ किंवा उंच दांड्यास बांधली, आणि बुंधा हलला नाही, तर मोठी चाके जागीच अडतात व एंजिनाचे बळ ट्रॅक्टरचे तोंड वर उचलते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडतो. जुन्या ट्रॅक्टरवर बहुधा चालकाचे रक्षण करणारी लोखंडी कमान नसते. ह्यास्तव साखळी नेहमी आसाच्या खाली असलेल्या ओढदांड्यासच बांधावी. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये सावकाश चालवावा, हिसका देऊ नये. पुढची चाके उचलू लागताच क्लच दाबावा. बुंधा न हलल्यास पुन्हा जोर न करता कुदळीने भोवतालची मुळे तोडावी. साखळी तुटली तर चाबकासारखी उसळते, म्हणून तिच्या लांबीपेक्षा अधिक अंतरावर सर्वांनी उभे राहावे. मडगार्डवर लेकरास किंवा सोबत्यास कधीही बसवू नये. गंमत म्हणून तर नकोच.

आणखी एक सूचना. झुडुपांत आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडे असल्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी. धुऱ्यावरील उपयोगी झाडे राखावी. ती मातीही धरून ठेवतात.

मजुरी वाचविण्यासाठी दिवसभराचे काम दोन तासांत करावेसे वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु वावर पुढल्या वर्षीही मोकळे करता येईल. घरचा कर्ता पुरुष मात्र परत मिळत नाही.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न: झुडूप वरून कापल्याने वावर साफ का होत नाही? साखळी कोठे बांधावी, व का? आपल्या गावी ट्रॅक्टर चालविणाऱ्या तरुणांस हे कोण समजावून सांगेल?