ओढ्याकाठची क्षेत्रभेट : येऊरचं जंगल आणि धबधबा (परिसर अभ्यास, इयत्ता चौथी-पाचवी)



पावसाळा सुरू झाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "बाई, धबधब्याला कधी जायचं?" मुलांनी मोबाईलवर कोंडेश्वर, भिवपुरी सगळं पाहिलेलं असतं. माझं उत्तर ठरलेलं असतं : ऑक्टोबरमध्ये. जुलैत का नाही, हे नुसतं रागावून सांगितलं तर मुलं ऐकून सोडून देतात. ओढ्याकाठी नेऊन दाखवलं तर पटतं. म्हणून हा पाठ.

ठाण्यातल्या मुलांसाठी सगळ्यात जवळचं जंगल म्हणजे येऊर. उपवन तलाव मागे टाकून रस्ता वर चढतो आणि वनविभागाचा तपासनाका लागतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा भाग. उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं, म्हणजे बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत एकच जंगल आहे, हे नकाशावर बोट फिरवून आधी वर्गात दाखवा. डोंबिवली-कल्याणची मुलं लोकलने ठाण्याला येऊन पुढे टीएमटीच्या बसने येऊ शकतात. शाळेच्या गटाने वनविभागाकडे आधीच लेखी अर्ज करून परवानगी घ्यावी आणि कोणत्या पायवाटेने जायचं तेही त्यांनाच विचारावं. पालकांची संमतीपत्रं तर हवीतच.

वाट अशी निवडा की पाड्याजवळून निघून, ओढ्याच्या काठाने छोट्या धबधब्यापर्यंत जाऊन, दुसऱ्या बाजूने पुन्हा पाड्यावर येता येईल. त्याच वाटेने परतलं की मुलं कंटाळतात, हा माझा अनुभव. सकाळी लवकर निघा, दुपारच्या आत परत या. "बिबट्या दिसेल का?" हे विचारलं जाणारच. या जंगलात बिबटे आहेत हे लपवू नका. म्हणूनच एकत्र चालायचं, मागे रेंगाळायचं नाही, हे सांगा. मग मुलं चिखलात ठसे शोधायला लागतात आणि आपोआप खाली बघून चालतात, हा फायदाच! खाऊ मात्र हातात नको, माकडं सोडत नाहीत.

झाडांची नावं पाठ करून घेऊ नका. साग, पळस, उंबर आणि करवी एवढी चार पुरे. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल रंग येतो. त्यासाठी एकच पान, तेही शक्यतो पाड्याच्या अंगणातलं, विचारून घ्यावं, कारण उद्यानात पान तोडणं योग्य नाही. करवीची गंमत सांगा : ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. म्हणजे दुसरीत फुललेली पाहिली, तर पुढचा बहर दहावीच्या आसपास! पाड्यातल्या आजी भेटल्या तर त्यांना शेवळं, टाकळा, कंटोळी यांबद्दल बोलतं करा. त्या बाईंपेक्षा चांगलं शिकवतात.

आता मुख्य भाग. ओढ्याकाठी पोचल्यावर मुलांना वर बघायला सांगा. काठच्या उंबराच्या फांद्यांना अडकलेली प्लास्टिकची पाकिटं, चिंध्या, वाळलेलं गवत दिसतं. "हे एवढ्या उंच कुणी टाकलं?" थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग एखादं पोर हळूच म्हणतं, "पाणी इथपर्यंत आलं होतं?" हा क्षण घाईने संपवू नका. वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाला काठावरच उभं करा आणि त्याच्या डोक्याच्या किती वर कचरा आहे, त्याचा अंदाज नोंदवायला लावा. आज पायाच्या घोट्याएवढं पाणी आणि जुलैत डोक्यावरून! फलकावरच्या सूचनेपेक्षा हा कचरा जास्त बोलतो.

पाणी इतकं लवकर का वाढतं? ओढ्याला येणारं पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसाचं नसतं, वरच्या डोंगरावरच्या पावसाचं असतं. आपल्याकडे ऊन असतानाही वर कोसळलेलं पाणी काही मिनिटांत खाली येतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ बऱ्याच मुलांनी पाहिलेला असतो. दाखवू नका, पण विषय निघाला तर टाळूही नका. बदलापूर-वांगणीच्या मुलांना २७ जुलै २०१९ चा उल्हास नदीचा पूर आठवून द्यायला घरचे आहेतच. त्या दिवशी महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

मग गणित. काठाने १० मीटरची दोरी मोजून ठेवा. शिक्षकाने वरच्या टोकाला वाळलेलं पान पाण्यात सोडायचं, मुलांनी काठावरूनच वेळ मोजायची. तीनदा करा. समजा १८, २२ आणि २० सेकंद आले, तर सरासरी २०, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा धक्का दुप्पट नाही, चौपट होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मुलांना येतं. गुडघाभर पाणी माणसाला पाडू शकतं, हे त्यावरून त्यांचं त्यांनाच उमजतं.

धबधब्यापाशी लांबूनच बसा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून आपला सह्याद्री घडला. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ झिजतो, कठीण टिकतो, पायरी तयार होते. पडणारं पाणी खाली दगडगोटे घुसळून कुंड खोदतं. हे कुंड फसवं असतं. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून पाहिलं तर चार फूट खोल पाणी तीनच फूट वाटतं. घरी पालकांनी करून दाखवावं : वाटीत नाणं ठेवा, ते काठाआड जाईल इतकं मागे सरका, मग दुसऱ्याने वाटीत हळूच पाणी ओतायचं. लपलेलं नाणं दिसायला लागतं.

परतल्यावर मोठा निबंध नको. वहीत ओढ्याचं चित्र, पानाचे तीन वेळ, कचऱ्याची उंची, एवढंच. आणि शेजारचं पान कोरं सोडायला सांगा. जानेवारीत त्याच जागी पुन्हा जायचं आहे. तेव्हा पाणी असेल का, याचा अंदाज आजच पेन्सिलीने लिहून ठेवा.