खेळायला आलेल्या मुलाला लागलं तर?

प्रश्न : डोंबिवलीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. सुट्टीत मुलाचे मित्र दिवसभर आमच्याकडेच असतात, कधी पाच, कधी आठ. हॉलमध्ये झोपाळा आहे. गेल्या आठवड्यात शेजारचा सहा वर्षांचा मुलगा त्यावरून पडला आणि हनुवटीला टाके घालावे लागले. त्याचे आईवडील काही बोलले नाहीत. पण आमच्या विंगमधले एक काका म्हणाले, ‘कोणी पोलिसांत गेलं तर तुम्हीच अडकाल.’ हे खरं आहे का? यापुढे सगळ्या पालकांकडून ‘काही झाल्यास जबाबदारी आमची’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकांनी तुम्हाला विनाकारण घाबरवलंय. मूल तुमच्या घरात पडलं, एवढ्यावरून तुमच्याकडून गुन्हा घडला असं होत नाही. अशा प्रकरणात भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ बघितलं जातं (१ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेची ३३६ ते ३३८ ही कलमं होती). त्यासाठी दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल इतकं बेदरकार वा निष्काळजी वागणं सिद्ध व्हावं लागतं. साधी दुखापत असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड; गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड; किंवा दोन्ही. ही शिक्षा किरकोळ नाही. पण फौजदारीत साधी चूक पुरत नाही, हलगर्जीपणा ढळढळीत असावा लागतो. जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या संदर्भात हे स्पष्ट सांगितलं आहे. पोरं झोका घेताना पडतात, त्यात ढळढळीत काही नाही.

दिवाणी नुकसानभरपाईचा विचार मात्र वेगळा आहे आणि माझ्या मते तुम्ही लक्ष तिकडे द्यावं. या बाबतीत आपल्याकडे स्वतंत्र लिखित कायदा नाही, न्यायालयं इंग्लंडमधून आलेल्या तत्त्वांवर चालतात. ज्याच्या ताब्यात जागा, त्याने तिथे येणाऱ्यांची वाजवी काळजी घ्यायची. मूल आलं की ही अपेक्षा वाढते. १९२२ मध्ये ग्लासगो महापालिकेविरुद्धच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे असंच प्रकरण होतं. सार्वजनिक बागेत सात वर्षांच्या मुलाने विषारी झुडपाची आकर्षक फळं खाल्ली आणि तो दगावला. फळं विषारी आहेत हे पालिकेला ठाऊक होतं, तरी ना पुरेसं कुंपण होतं, ना मुलांना कळेल असा इशारा. मुलाला मोह पडेल अशी धोकादायक वस्तू समोर ठेवायची आणि मग ‘त्याने हात का लावला’ म्हणायचं, हे चालत नाही, असं त्या निकालाचं सार.

झोपाळा ही अशीच मोहाची वस्तू. गेल्या आठवड्यापर्यंत तो तुमच्यासाठी निरुपद्रवी होता. आता तसं म्हणता येणार नाही. एक मूल पडल्यामुळे धोका तुम्हाला ठाऊक झाला आहे. उद्या दुसरं पडलं तर पहिला प्रश्न येईल, ‘हे आधी घडलं होतं, मग तुम्ही काय केलं?’ म्हणून कडी, साखळी आणि छताचा हूक सुताराला किंवा मिस्त्रीला दाखवून घ्या, पावती ठेवा. हूक मूळ घरमालकाने बसवलेला आणि झिजलेला असेल तर त्यांना लेखी कळवा. पण ते दुरुस्त करीपर्यंत जागा तुमच्या ताब्यात आहे, त्यामुळे तोवर झोपाळा काढून ठेवणं तुमच्याकडे. एका वेळी किती मुलांनी बसायचं हे ठरवा, खाली जाड गादी टाका. वाजवी काळजी म्हणतात ती बहुतेक वेळा एवढीच असते.

लेखी हमीपत्रावर वेळ घालवू नका. सहा वर्षांच्या मुलाला करार करता येत नाही, आणि त्याला इजा झाल्यावर त्याचा भरपाईचा हक्क पालकांनी आधीच सोडून दिला, असं मानायला न्यायालय सहसा तयार होणार नाही. शिवाय मुदत कायदा १९६३ च्या कलम ६ नुसार मूल सज्ञान होईपर्यंत दाव्याची मुदत थांबलेली असते. त्यापेक्षा ग्रुपवर हे विचारा : मुलाला कसली अ‍ॅलर्जी आहे का, तातडीचा नंबर कोणता, घरी कधी परतायचं. आणि दुपारी घरात मोठं कोण असेल तेही कळवून टाका.

टाक्यांचं बिल देऊ का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेलच. द्यायला हरकत नाही. बिल भरलं म्हणून निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होत नाही.

मला स्वतःला झोपाळ्यापेक्षा गॅलरीची जास्त धास्ती वाटते. कठड्याजवळचं स्टूल, कुंडी, जुनं कपाट हलवा. चढायला आधार मिळतो तो त्यांचाच. बादलीत हीटरचा रॉड सोडून बाहेर येण्याची सवय असेल तर ती मुलं घरात असताना तरी मोडा. मीटरबोर्डवर करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी नसेल तर मालकाशी बोलून बसवून घ्या.

विम्याचं म्हणाल तर २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी इमारत आणि घरातलं सामान यांच्यासाठी आहे, पाहुण्याला झालेल्या इजेची भरपाई तिच्यात मूळचीच मिळत नाही. त्यासाठी घरगुती पॅकेज पॉलिसीत ‘सार्वजनिक दायित्व’ हा भाग वेगळा घ्यावा लागतो. एजंट तो आपणहून सांगेलच असं नाही.

प्रश्न : आमच्याकडे लॅब्रेडॉर आहे, कोणाला कधी चावलेला नाही. मुलं आली की त्याला बांधणं कायद्याने सक्तीचं आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घरात बांधूनच ठेवा असं कायदा म्हणत नाही. पण प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव दिसत असताना जाणूनबुजून वा निष्काळजीपणे खबरदारी न घेणं न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुत्रा जेवत असताना मुलं त्याच्या शेपटीशी खेळणार असतील, तर तो संभव तुम्हाला समोर दिसतोच. तेवढा वेळ त्याला आतल्या खोलीत ठेवा. आणि रेबीजची लस दरवर्षीची असेल तर तिचं कार्ड जपून ठेवा. चावलाच, तर ते आधी विचारलं जाईल.